टाकीची गार बाजू

"घरात शिरा! सगळे घरात शिरा!"

हे मी ओरडत होतो. आणि साधंसुधं ओरडत नव्हतो. माझ्या आवाजानं नळदुर्गच्या किल्ल्यातले पारवे उडाले असतील, आणि आमच्या गावापासून नळदुर्ग म्हणजे मोटारसायकलवर कंबर ढिली होईपर्यंतचा रस्ता. खोटं वाटत असेल त्यानं पारव्यांना विचारावं. पण माझ्यापासून हाताच्या अंतरावर अंगणाच्या मधोमध बसलेली माणसं काही उठली नाहीत. आई, चुलते आणि भाकरी करणाऱ्या पाच-सहा बाया एकमेकांचे हात धरून गोल करून बसल्या होत्या आणि माझ्याकडं असं बघत होत्या, जणू उन्हानं माझं डोकं फिरलंय. त्यांच्या पाठीमागं, चुलीला चिकटवलेली माझी लोखंडी टाकी गाभण म्हशीसारखी फुगत चालली होती.

घराच्या भिंतीआड गेले तर सगळे वाचणार होते. दुसरीकडं जायला वाट नव्हती. तिन्ही बाजूंनी कुंपणाची भिंत, आणि फाटक टाकीच्या शेजारीच. मी बरोबर सांगत होतो. पण आमच्या गावात गेल्या तीसेक वर्षांत कुणी कुणाला 'घरात पळ' असं ओरडून सांगितलेलं नाही. तसं ओरडणारा मीच पहिला.

हे नीट कळायचं तर आमचं गाव कळायला पाहिजे. सास्तूरच्या अंगाला आमचं गाव. भूकंपात जुनं गाव बसलं, मग माळावर नवं वसवलं. रस्ते सरळ, घरं लांब लांब, प्रत्येकाला मोठं अंगण. माझे वडील त्या पहाटे घराबाहेर आले होते. मला आणि आईला बाहेर उभं करून, आजी आत राहिली म्हणून ते पुन्हा आत गेले. एवढंच. बाकी कशाबद्दलही मी हरभऱ्याचा डोंगर करून सांगेन, पण एवढ्या गोष्टीत मी आजवर एक शब्द जास्तीचा घातलेला नाही.

तेव्हापासून आमच्या घराला भीती आहे. भीती म्हणजे घरातलं एक माणूसच म्हणा ना. ती आमच्यात जेवते, आमच्यात झोपते, पाहुणे आले की कोपऱ्यात गप बसते. आमच्याकडं ताटाला ताट लागू देत नाहीत, मध्ये जुन्या लुगड्याचा तुकडा घालतात. फळीवरच्या बरण्या दोरीनं बांधलेल्या. आणि झाकण तर वाजूच द्यायचं नाही. पातेल्यावरचं झाकण थडथडायला लागलं की ज्याच्या कानावर आधी पडेल त्यानं उठून ते दाबायचं, मग तो जेवत असो नाहीतर दाढी करत असो. माझी बायको तामलवाडीची. तिकडं झाकणं आपली खुशाल वाजतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं डाळीवर झाकण ठेवलं आणि पाणी आणायला गेली. परत येऊन बघते तर पंगत गायब. नवरा, सासू, चुलतसासरे, सगळे हातात भाताचा घास धरून अंगणात उभे. तिला वाटलं, भात इतका वाईट झाला.

चुलत्यांना आम्ही तात्या म्हणतो. ढिगाऱ्यातून त्यांना दुसऱ्या दिवशी काढलं होतं. ते आजही पायात चपला घालून झोपतात. संध्याकाळी घरभर फिरून प्रत्येक वस्तूला बोट लावून बघतात, हलते का. एकदा एका पाहुण्याचा दात हलत होता तर तात्यांनी त्यालाही झोपू दिलं नाही, असं मी गावात सांगतो. तात्या नाकारत नाहीत.

आणि आईचं मोकळं. अंगणाच्या मधोमध एक चौकोन ती रोज झाडते, आठवड्याला सारवते. त्याच्यावर झाड नाही, तार नाही, जवळ भिंत नाही. त्याला आम्ही मोकळं म्हणतो. आमच्याकडं अजूनही वर्षातून एक-दोनदा जमीन आतून गुरगुरते, पिठाची गिरणी लांब कुठंतरी चालू झाल्यासारखी. ती गुरगुर आली की आई एकच हाक मारते, "मोकळ्यात." हातातलं टाकून सगळ्यांनी तिथं जायचं, खाली बसायचं आणि शेजाऱ्याचा हात धरायचा. हात अशासाठी की धुळीत काही दिसत नाही. कोण आलं, कोण राहिलं हे मग शोधायला लागू नये. आणि शोधायला कुणी परत आत जाऊ नये.

आता टाकीकडं येतो.

माझं दुकान जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्याचं, पंखे, मिक्सर, मोबाइल दुरुस्तीचं. नळदुर्गजवळच्या ढाब्यावर एका ट्रकवाल्यानं मला त्याचा बंद पडलेला चिमुकला फ्रीज दिला, केबिनमध्ये पाण्याच्या बाटल्या गार करायचा. खोलून बघतो तर आत ना गॅस, ना नळ्या. फक्त एक पांढरी वडी. तळहाताच्या खड्ड्यात मावेल एवढी. दोन पातळ पांढऱ्या फरश्या, मध्ये काळे दाणे ओळीनं बसवलेले, आणि बाहेर आलेल्या दोन तारा, एक लाल, एक काळी. तारांना बॅटरी लावली की वडीचं एक अंग गार पडतं, दुसरं तापतं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे की उलटंही होतं. एका अंगानं तापवा, दुसऱ्या अंगानं गार ठेवा, वीज तारांतून बाहेर येते. मी ती वडी चहाच्या किटलीवर ठेवली, वर बर्फाचा खडा ठेवला, आणि तारांना जोडलेला बारका दिवा लागला. त्या दिवशी मी ढाब्यावर जे जे बोललो ते इथं लिहीत नाही. थोडक्यात सांगायचं तर मी चुलीवर उसाला पाणी देणाऱ्या मोटारी चालवणार होतो, सोलापूरला वीज विकणार होतो आणि उरलेली हैदराबादच्या दिशेनं वाहू देणार होतो.

प्रत्यक्षात मी पहिल्या दोन वड्या जाळल्या. थेट जाळावर धरल्या, आतला डाक वितळला, दाणे सुटले. मग शहाणा झालो. माझी बायको घरी कडक भाकरीचा धंदा करते. अंगणाच्या एका टोकाला पत्र्याची शेड, तिच्यात लांबच लांब चूल, चुलीवर ओळीनं तवे, आणि तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीची लाकडं दिवसभर जळत असतात. चुलीच्या मागच्या अंगाला जाडजूड लोखंडी पाट बसवला, म्हणजे जाळ वड्यांना थेट लागू नये. पाटावर उष्णता पोचवणारं पांढरं मलम लावून वड्या ओळीनं चिकटवल्या. काही भंगारातून जमवल्या, काही मोबाइलवरून मागवल्या. सगळ्या एकामागं एक जोडल्या. एक अंग तापलं. आता दुसरं अंग गार ठेवायचं होतं.

यातली मेख हीच आहे. वीज उष्णतेत नसते आणि गारव्यातही नसते. ती दोघांच्या फरकात असते. ओढ्याला जसा उतार लागतो तसा विजेला हा फरक लागतो. दोन्ही अंगं सारखीच तापली की ओढा थांबला. म्हणून मी नळदुर्गच्या भंगारवाल्याकडून ट्रकची जुनी डिझेलची टाकी आणली, सपाट पोटाची. सोड्यानं घासून धुतली, वास जाईपर्यंत उन्हात ठेवली, एक कडा फुटली होती ती स्वतः वेल्डिंग करून जोडली, पाण्यानं भरली आणि तिचं पोट वड्यांना टेकवलं. टाकीला वारा लागावा म्हणून ती शेडच्या बाहेर, अंगणाच्या बाजूला काढली. माळावरचा वारा जिथं थेट येतो अशी आमच्याकडं एकच जागा. मोकळ्याच्या काठाला.

आई आली, बघितलं, म्हणाली की लई जवळ आलं. मी म्हणालो, पाणीच आहे त्यात, पाण्याला काय भ्यायचं. तिनं मोकळं पलीकडच्या बाजूला चार हात सरकवून पुन्हा सारवलं. पुढं कुंपण होतं.

टाकी मात्र चालली. लाइट गेली तरी शेडमध्ये दिवा लागायचा, मोबाइल चार्ज व्हायचे, आणि कॉम्प्युटरमधला एक छोटा पंखा चुलीत वारा घालायचा. बायांची फुंकणी सुटली, धूर कमी झाला. शेजारपाजारचे लोक मोबाइल घेऊन येऊ लागले आणि जाताना टाकीतलं ऊन पाणी बादलीत घेऊन जाऊ लागले. टाकीला खाली तोटी होतीच. ऊन पाणी गेलं की आम्ही वरून गार ओतायचो. टाकीच्या तोंडावर मी नुसती एक स्टीलची झाकणी ठेवली होती, कचरा पडू नये म्हणून. वाफ झाली तर झाकणी उचलून निघून जाईल. ट्रकचं मूळचं झाकण, आट्यांचं, किल्लीनं कुलूप होणारं, शेडमध्ये खिळ्याला लटकवून ठेवलं होतं.

मग उन्हाळा आला. उन्हाळ्यात आंघोळीला ऊन पाणी कोण नेतो. आमच्याकडं चैत्रात नळाचं पाणीच असं येतं की चहापत्ती टाकली की चहा. तेव्हा टाकीतलं पाणी दिवसभर तिथंच. एरवी मी येऊन-जाऊन तोटी सोडायचो आणि गार ओतायचो. त्या दिवशी मी दुकानात अडकलो. लग्नसराईची मोठी मागणी होती, चूल पहाटेपासून पेटलेली, आणि पंखा जाळाला वारा घालतोय, जाळ वड्यांना तापवतोय, वड्या पंख्याला फिरवतायत. माझ्याच हातानं मी असलं चक्र करून ठेवलं होतं, ज्याला बंद करायचं बटणच नव्हतं.

दुपारी घरी आलो तेव्हा आधी लक्षात आला तो दिवा. मंद. सेल उतरलेल्या बॅटरीसारखा पिवळा. पंखाही मरगळलेला. मला वाटलं तार सैल झाली असेल. तारा चाचपल्या, ठीक होत्या. बायका भाकरी थापत होत्या, बायको तव्यावर पाणी फिरवत होती. तात्या सावलीला बाजेवर पडले होते, चपलांसकट, आणि चेहऱ्यावर मोठं समाधान.

आणि मग गुरगुर आली.

खालून आल्यासारखी, लांबची, जड. ज्यांनी एकदा ऐकली आहे त्यांच्या पोटात ती कानाच्या आधी पोचते. भाकरी थापणारे हात हवेत थांबले. तात्या बाजेवरून असे उठले की बाज त्यांच्यामागं उठली. आई घराच्या दारात आली आणि म्हणाली, "मोकळ्यात."

सगळे गेले. तवे तसेच, पीठ तसंच, जाळ तसाच. मीसुद्धा गेलो. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर गावात मी हा भाग गाळला. टाकी बनवणारा मी, वायरमन मी, फरकाचं शास्त्र ढाब्यावर तोंडपाठ सांगणारा मी. पण गुरगुर आल्यावर माझे पाय मला न विचारता मोकळ्यात गेले, खाली बसले, आणि माझा एक हात आईच्या हातात आणि दुसरा तात्यांच्या हातात गेला. पुन्हा पोरगा झालो होतो. आईचा हात कोरडा आणि घट्ट होता. माझा घामानं निसटत होता.

आमच्या मध्ये कुणीतरी आणलेली पाण्याची कळशी होती. गुरगुर चालूच होती. मी कळशीत बघत होतो, कारण दुसरीकडं बघायची छाती नव्हती. आणि बघता बघता ध्यानात आलं की पाणी हलत नाही. एक तरंग नाही. जमीन गुरगुरतेय आणि पाणी मात्र देवघरातल्यासारखं शांत.

मग आवाज कुठून येतोय?

मान वर केली. टाकीचं सपाट पोट सपाट राहिलं नव्हतं. दिवा मंद झाला होता तो याच्यामुळंच, गार बाजू गार राहिलीच नव्हती. "ढुम्म" असा एक आवाज झाला आणि पत्रा आणखी बाहेर आला. माझ्या झाकणीच्या जागी ट्रकचं आट्यांचं झाकण घट्ट बसलेलं, आणि त्याच्या कडेनं केसाएवढी वाफ शिट्टी घालत होती.

मी तात्यांना विचारलं की ते झाकण कुणी लावलं.

तात्या म्हणाले, "म्या. सकाळधरनं थडथड थडथड वाजायलं व्हतं. किती बारी दाबावं माणसानं? मग किल्लीनंच बंद केलं. आता कसं गप हाय बघ."

त्यांचं चुकलं असं मला त्या क्षणीही म्हणता आलं नाही. आमच्या घरात वाजणारं झाकण कुणीही बंदच करणार. मी असतो तरी दाबलं असतं, एरवी. जगात दुसऱ्या कुठल्याही गावात ती झाकणी संध्याकाळपर्यंत खुशाल वाजली असती आणि सगळे घोरत पडले असते.

मी उठलो. आधी धावत जाऊन पंख्याच्या तारा उपटल्या. त्यानं काय होणार. जाळ आपल्या जोरावर पेटलेला. तोटी सोडावी म्हणून खाली वाकलो तर तोटीचा दांडा लालभडक नसला तरी हाताला चटका तसाच बसला. वरचं झाकण सोडवावं तर किल्ली तात्यांच्या कनवटीला, आणि किल्ली असती तरी ते सोडणाऱ्याचं तोंड राहिलं नसतं. टाकीपासून हातभर अंतरावर मी उभा होतो आणि आतलं पाणी बाहेर यायला धडपडतंय हे मला छातीत ऐकू येत होतं. सांगायला हरकत नाही, तिथून मी जो मागं पळालो तसा पळायच्या शर्यतीतही कधी पळालो नाही. तेव्हाच ओरडलो, "घरात शिरा! सगळे घरात शिरा!"

आणि कुणी हललं नाही.

मी सांगायला लागलो की हा भूकंप नव्हे, टाकी आहे, फुटणार आहे, घराची भिंत मध्ये आली तर काही होणार नाही. सगळं एका दमात. बाया आईकडं बघत होत्या. आई माझ्याकडं बघत होती. गुरगुर चालू होती. तीस वर्षं ज्या आवाजाला घराबाहेर पडायचं शिकलेलं, त्याच आवाजात मी त्यांना घरात जा म्हणत होतो. माझं सगळं खरं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी खरं बोलत असताना कुणी विश्वास ठेवत नव्हतं. एरवी मी चुलीवर सोलापूर उजळीन म्हणालो तेव्हा अर्ध्या गावानं माना डोलावल्या होत्या.

एकटी माझी बायको उठली. तिच्या माहेरी जमीन गुरगुरत नाही. ती तरातरा घरात गेली, दारात उभी राहून हात करायला लागली. "आत्याबाई, या की आत. काय बसलाव?" आई उठली नाही. बायकोनं दोनदा हाक मारली. मग तिचं तोंड रडवेलं झालं.

मी आईला दंड धरून ओढलं. पण तिनं एका हातानं तात्यांचा हात धरलेला, दुसऱ्या हातानं एका म्हातारीचा, म्हातारीनं तिच्या शेजारणीचा. एक आई ओढायची तर सगळी माळ ओढावी लागत होती. मी ओढली. सगळ्या बाया एक हात सरकल्या आणि थांबल्या. तात्या म्हणाले, "अरं, हात सोडायला लावू नको."

"आई, ऊठ," मी म्हणालो. "तुझ्या पाया पडतो, ऊठ."

ती म्हणाली, "बस खाली."

पुन्हा "ढुम्म" झालं. या वेळी शेडचे पत्रेही थरथरले. मला दिसलं की वड्यांकडच्या बाजूला, जिथं मी स्वतः वेल्डिंग केलं होतं, तिथून पाण्याची बारीक रेघ उतरतेय आणि उतरता उतरता वाफ होतेय. माझं वेल्डिंग तसं कधीच चांगलं नव्हतं. लोक मला ते तोंडावर सांगायचे.

तेव्हा घरात जायला मला एकट्याला वेळ होता. दार समोर होतं, बायको दारात होती. मी त्या दाराकडं बघितलं, हे कबूल आहे. अगदी नीट बघितलं. चौकटीचा रंग कुठं कुठं उडालाय तेसुद्धा आजही सांगेन. आणि मग मी खाली बसलो. आई आणि टाकीच्या मध्ये, टाकीकडं पाठ करून. आईनं तात्यांच्या हातातला हात काढून मला दिला आणि माझा दुसरा हात तात्यांनी घेतला. थोड्या वेळानं बायको परत आली, मला एक शिवी घातली, जी मी इथं लिहिणार नाही, आणि माझ्या शेजारी माझ्यासारखीच पाठ करून बसली.

त्या वेळची भीती कशी होती ते सांगायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. दरवेळी वेगळं सांगतो. कधी म्हणतो दातांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला, कधी म्हणतो केस पांढरे झाले आणि संध्याकाळी पुन्हा काळे झाले. खरं म्हणजे काहीच झालं नाही. मी फक्त समोरच्या माणसांचे चेहरे मोजत होतो. एक झाला की पुढचा, सगळे झाले की पहिल्यापासून. आई ओठ न हलवता तेच करत होती. तेव्हा मला कळलं की हे ती दर वेळी करत आली आहे.

मग टाकी फुटली.

आवाजाबद्दल माझ्यावर विश्वास ठेवू नका. उमरग्याला लोकांनी आभाळाकडं बघितलं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो. पण फुटली ती माझ्या वेल्डिंगच्या बाजूनं, चुलीकडच्या. सगळं उकळतं पाणी आणि वाफ आधी जाळावर गेली. चूल एका क्षणात काळी झाली. राख, चिखल, तुराट्या, भाकऱ्या आणि शेडचे दोन पत्रे पलीकडच्या माळाकडं उडाले, जिथं त्या उन्हात कुत्रंही नव्हतं. रिकामी टाकी उलटी झेप घेऊन फाटकावर आदळली आणि फाटक घेऊन रस्त्यावर गेली. आमच्यावर पडला तो कोमट चिखलाचा पाऊस आणि पिठाचा धुरळा. माझ्या पाठीवर रुपयाएवढा एक फोड आला. तात्यांच्या कानात काही दिवस शिट्टी वाजत राहिली आणि ती कशी बंद करायची म्हणून ते हैराण झाले.

धुरळ्यात काही दिसत नव्हतं. पण सगळ्यांचे हात हातात होते. आई एकेकाला हाक मारत होती आणि एकेक जण ओ देत होतं. माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडातून आवाज निघेना. तिनं माझा हात हलवला. मी हलवला. तिनं पुढच्याला हाक मारली.

त्यानंतर रडणं, हसणं, शिव्या, पाणी, शेजाऱ्यांची गर्दी असं सगळं झालं. बाया पीठ झटकत घरी गेल्या. तात्यांनी कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि ते घरात जाऊन प्रत्येक वस्तूला बोट लावून आले.

ऊन उतरल्यावर मी आईजवळ बसलो. ती मोकळ्यातला चिखल खरवडत होती. मला तिला समजावून सांगायचंच होतं. मी कोळसा घेतला आणि जमिनीवर चित्र काढलं. ही टाकी. ही वाफ. बंद भांड्यात ती कशी कोंडते, तिचा जोर कसा सगळ्या बाजूंना जातो. ही घराची भिंत. भिंतीआड असतो तर वेल्डिंग कुठल्याही बाजूनं फुटलं असतं तरी आपल्याला काही झालं नसतं. ते चुलीकडून फुटलं हे नशीब. अंगणाकडून फुटलं असतं तर आज आपल्या घरात कुणी उरलं नसतं. हे मी फुगवून सांगत नव्हतो. हे मी आजही फुगवून सांगत नाही.

आईनं खुरपं बाजूला ठेवलं आणि चित्र नीट बघितलं. तिनं विचारलं की भिंत किती जाड आहे. मी सांगितलं. तिनं विचारलं की दार कुठल्या बाजूला येतं, आणि दारातून वाफ आली असती का. मी म्हणालो, दार टाकीच्या सरळ रेषेत येत नाही, नसती आली. तिनं विचारलं की टाकी आणि भूकंप यांचा आवाज वेगळा कसा ओळखायचा. मी कळशीतल्या पाण्याचं सांगितलं. तिनं मान हलवली. वर्गातला एकही पोरगा एवढं लक्ष देऊन ऐकत नसेल.

"समजलं का आता सगळं?" मी विचारलं.

"समजलं की."

"मग परत असं काही झालं तर?"

"मोकळ्यात बसू," ती म्हणाली.